महाकाय जातीच्या पिल्लासाठी क्रेट कसा निवडावा

ग्रेट डेनचे पिल्लू दोन महिन्यांचे असताना घरी येते, तेव्हा त्याचे वजन साधारण ८ ते १० किलो असते. सहा महिन्यांचे होईपर्यंत तेच पिल्लू बहुधा ४० किलोच्या आसपास पोहोचलेले असते. क्रेटची, म्हणजे कुत्र्याला घरात झोपवण्यासाठी आणि थोडा वेळ बंद ठेवण्यासाठी वापरायच्या पिंजऱ्याची, निवड चुकते ती या वेगाचा अंदाज नसल्यामुळे. पिल्लाला कडेवर घेऊन दुकानात जायचे, त्याला बसेल तो क्रेट आणायचा, दोन महिन्यांनी तो माळ्यावर टाकून दुसरा घ्यायचा आणि तोही पुरेनासा झाला की कुत्र्याला गॅलरीत बांधून ठेवायचे, असे घडलेले मी पुण्यातल्या ओळखीच्या घरांमधून वारंवार पाहिले आहे. याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. सुरुवातीलाच सर्वांत मोठा क्रेट आणून पिल्लाला त्यात मोकळे सोडले जाते. मग ते एका टोकाला झोपते, दुसऱ्या टोकाला शू करते, आणि झोपायची जागा कोरडी ठेवण्याची त्याची उपजत सवय, जिच्या जोरावर क्रेटचा उपयोग होतो, ती पहिल्या आठवड्यातच मोडते.

म्हणून क्रेट विकत घ्यायचा तो पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या मापाने, वापरायला द्यायचा तो पिल्लाच्या मापाने, आणि या दोन्हींच्या आधी मोजायचे ते घर. खालचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत आणि ते पिल्लू घरी येण्यापूर्वी किमान दोन आठवडे सुरू करावेत. हे विवेचन ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ, तिबेटन मॅस्टिफ अशा महाकाय जातींसाठी आहे. लॅब्रॉडर किंवा जर्मन शेफर्ड या मोठ्या जाती असल्या तरी महाकाय नव्हेत. त्यांना ४२ ते ४८ इंची क्रेट पुरतो.

१. आधी घर मोजावे

बाजारात तारेचे घडीचे क्रेट लांबीच्या इंचांवरून ओळखले जातात. ४८ इंची क्रेट साधारण ४८ इंच लांब, ३० इंच रुंद आणि ३२ ते ३३ इंच उंच असतो. ५४ इंची क्रेट साधारण ५४ इंच लांब, ३७ इंच रुंद आणि ४५ इंच उंच असतो. कंपनीप्रमाणे एखाद-दोन इंच इकडेतिकडे होतात. म्हणजे ५४ इंची क्रेटखाली जवळजवळ १४ चौरस फूट जमीन जाते, आणि दार उघडण्यासाठी समोर आणखी अडीच-तीन फूट मोकळे लागतात.

हा आकार कागदावर कळत नाही. त्यामुळे ज्या खोलीत क्रेट ठेवायचा आहे तिथे फरशीवर खडूने ५४ बाय ३७ इंचांची चौकट आखावी आणि दोन दिवस घरातल्या सर्वांनी ती न ओलांडता वावरून पाहावे. कपाटाचे दार उघडते का, रात्री अंधारात बाथरूमकडे जाताना वाट उरते का, केरफरशी करणाऱ्या मावशींना मागची बाजू पुसता येईल का, हे या दोन दिवसांत कळून जाते. त्याबरोबरच खोलीच्या दाराची चौकटीच्या आतली मोकळी रुंदी, लिफ्टचे दार आणि लिफ्टची आतली लांबी, आणि जिन्याचे वळण हीही मापे लिहून ठेवावीत.

जागा पुरत नसेल, तर तसे आत्ताच मान्य करावे. लहान फ्लॅटमध्ये ४८ इंची क्रेट पिल्लाला त्यात मान न वाकवता उभे राहता येते तोपर्यंत वापरून पुढे एका खोलीच्या दाराला मजबूत जाळीचे फाटक बसवणे हा अगदी योग्य मार्ग आहे. पूर्ण वाढलेल्या डेनला ४८ इंची क्रेटमध्ये कोंबणे मात्र योग्य नाही. फाटकाचा मार्ग निवडणार असाल तर कोणती खोली द्यायची हे आजच ठरवावे, कारण आठव्या महिन्यात ठरवायला बसले की उत्तर नेहमी 'गॅलरी' असे येते.

*तपासणी : चौकट आखून झाली का? दाराची मोकळी रुंदी लिहिली का? दोन्ही झाल्याशिवाय दुकानात जाऊ नये.*

२. पिल्लाचे नव्हे, आई-वडिलांचे माप घ्यावे

पिल्लू पाहायला जाताना शिंप्याची टेप बरोबर न्यावी आणि त्याच्या आईचे, शक्य असेल तर वडिलांचेही, माप घ्यावे. कुत्रे चारही पायांवर सरळ उभे असताना तीन मापे घ्यायची असतात. पहिले नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. शेपटी त्यात धरू नये. दुसरे जमिनीपासून डोक्याच्या किंवा उभ्या कानाच्या सर्वांत वरच्या टोकापर्यंत. तिसरे दोन खांद्यांमधली रुंदी. लांबीत ४ ते ६ इंच मिळवावेत, उंचीत २ ते ४ इंच मिळवावेत, आणि रुंदी खांद्यांच्या किमान दुप्पट धरावी, कारण कुत्रे कुशीवर पाय पसरून झोपते तेव्हा त्याला खरी जागा रुंदीत लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक उंचीत होते. जातींच्या वर्णनात दिलेली उंची ही खांद्यापर्यंतची असते. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना एफसीआयच्या मानकाप्रमाणे ग्रेट डेनचा नर ८० ते ९० सेंमी आणि मादी ७२ ते ८४ सेंमी असते. सेंट बर्नार्डचा नर ७० ते ९० आणि मादी ६५ ते ८० सेंमी असते. हे सर्व आकडे मानेच्या पायथ्याशी जिथे पाठ सुरू होते तिथपर्यंतचे आहेत. डोके त्याच्याही वर असते. ४८ इंची क्रेटची उंची सुमारे ८४ सेंमी भरते, तेव्हा 'आमचा डेन ८२ सेंमीचा आहे, म्हणजे बसेल' हा हिशेब मुळातच चुकलेला आहे. त्या क्रेटमध्ये तो मान खाली घालूनच उभा राहील. ५४ इंची क्रेटची उंची सुमारे ११४ सेंमी असते आणि डेनसाठी तोच विचारात घ्यावा.

ही चूक मी स्वतः केली आहे. आमची भीमा ग्रेट डेन. तिच्या आईची खांद्यापर्यंतची उंची मी मोजली, डोक्यापर्यंतची मोजलीच नाही, आणि ४८ इंची क्रेट आणला. आठव्या महिन्यात ती आत जाताना मान वाकवायची, वळताना मागचा भाग तारेला घासून न्यायची आणि मग धप्पकन बसायची. मला ते तिचे लाडीक वागणे वाटत होते. एके दिवशी आंघोळ घालताना शेपटीच्या मुळाच्या थोडे वर रुपयाएवढ्या जागेतले केस झिजून खालची गुलाबी कातडी दिसली, तेव्हा कुठे कळले की ती महिनाभर तारेशी झगडत होती.

वडील दुसऱ्या गावी असतील तर पिल्लाच्या लिंगाप्रमाणे मानकातला वरचा आकडा धरावा. आईसुद्धा दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर क्रेटचा विचार बाजूला ठेवून तिथून पिल्लू घ्यायचे की नाही याचा आधी विचार करावा.

*इशारा : विमानाने नेण्यासाठी लागणारा क्रेट वेगळा असतो. त्याच्या भिंती कठीण असाव्या लागतात, आणि आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाप्रमाणे त्याची लांबी काढताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या मापात पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवतात. घरातला तारेचा क्रेट पुढे प्रवासालाही चालेल या आशेवर काहीही घेऊ नये.*

३. प्रकार ठरवावा

बहुतेक घरांना मधली सरकती जाळी, म्हणजे डिव्हायडर, असलेला तारेचा घडीचा क्रेट योग्य ठरतो. त्यात हवा खेळती राहते, पिल्लाला घरातली माणसे दिसतात, ट्रे ओढून धुता येतो आणि घडी करून तो लिफ्टमधून नेता येतो. कापडी क्रेट या पिल्लांसाठी निरुपयोगी आहे. चौथ्या महिन्यातले डेनचे पिल्लू त्याची चेन एका दुपारी उसवते. प्लास्टिकचा बंद क्रेट पशुवैद्याकडे जाण्यापुरता ठीक आहे, पण एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दाट केसांच्या सेंट बर्नार्डला त्यात झोपवणे धोक्याचे आहे. लाकडी, टेबलासारखे दिसणारे क्रेट दिवाणखान्यात शोभतात खरे, परंतु लाकूड शू शोषून घेते, पावसाळ्यात फुगते आणि दात येण्याच्या दिवसांत कुरतडले जाते. राहतो तो लोखंडी, बनवून घेतलेला क्रेट.

४. फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यायचा असल्यास

५४ इंची तयार क्रेट दुकानात सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग असतो, म्हणून बरेच जण ग्रिल-फाटकांची कामे करणाऱ्याकडे जातात. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात अशी वर्कशॉप भरपूर आहेत आणि काम मजबूत होते. अडचण अशी की ग्रिल बनवणारा खिडकी डोळ्यांपुढे ठेवून काम करतो. कुत्र्याचा पंजा, जबडा आणि जीभ त्याच्या डोळ्यांपुढे नसतात. म्हणून पुढील गोष्टी तोंडी न सांगता मापांसह कागदावर लिहून द्याव्यात आणि त्याच कागदावर आगाऊ रकमेची सही घ्यावी.

पहिली गोष्ट, क्रेट अखंड वेल्डिंग केलेला नको. पाचही बाजू सुट्या करून नट-बोल्टने जोडता आल्या पाहिजेत. भीमाचा दुसरा क्रेट मी असाच बनवून घेतला आणि नेमके हे सांगायचे राहिले. ३७ इंच रुंदीचा अखंड लोखंडी पिंजरा टेम्पोतून आला, आणि आमच्या बेडरूमच्या दाराची मोकळी रुंदी ३३ इंच. उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला. तीन दिवस तो पार्किंगमध्ये राहिला आणि शेवटी परत नेऊन कापून, पुन्हा जोडून आणावा लागला. बनवणाऱ्याने सांगितलेले काम चोख केले होते. दाराचे माप मी दिले नव्हते.

दुसरी गोष्ट गजांची. गज उभे असावेत आणि दोन गजांमधले अंतर दीड इंचापेक्षा जास्त नसावे. आडव्या-उभ्या चौकोनी जाळीत पिल्लू चावता चावता खालचा जबडा अडकवून घेते, मग घाबरून मागे ओढते, आणि दात किंवा जबडा दुखावतो. आडव्या पट्ट्या चौकटीला बळ देण्यापुरत्याच असाव्यात. डिव्हायडरसाठी दोन्ही बाजूंना दर सहा इंचांवर खाचा ठेवायला सांगावे. हे बहुधा राहून जाते आणि नंतर करणे अवघड होते.

तिसरी, बोल्टचे नट बाहेरच्या बाजूला आणि गोल टोपीची डोकी आतल्या बाजूला हवीत. वेल्डिंगचे उडालेले थेंब घासून काढलेले असावेत. माल ताब्यात घेताना जुनी सुती ओढणी हाताला गुंडाळून आतल्या सगळ्या सांध्यांवरून फिरवावी. जिथे धागा अडकतो तिथे उद्या कातडी अडकेल; त्या जागेवर खडूची खूण करून तिथल्या तिथे कानस मारून घ्यावी.

चौथी गोष्ट रंगाची. ब्रशने मारलेल्या ऑइलपेंटऐवजी पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत तापवून बसवलेला भुकटीचा रंग, करून घ्यावे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिसे दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण तो औद्योगिक रंगांना लागू नाही, आणि वर्कशॉपमध्ये हाताशी असलेला डबा कोणता हे आपल्याला दिसत नाही. पिल्लू गज चाटते, चावते, रंगाचे पोपडे गिळते. क्रेट आल्यावर आठ दिवस हवेशीर जागी उघडा ठेवावा आणि वास पूर्ण गेल्यावरच वापरात आणावा.

तळाला जाळी कधीही नको. पिल्लाची बोटे तिच्यात रुततात, आणि वाढत्या वयात इतके वजन तारांवर तोलणे सांध्यांना बरे नसते. तळ सपाट असावा आणि त्यावर ओढून काढता येईल असा ट्रे असावा.

५. विकत घेताना हाताने तपासावे

तयार क्रेट दुकानातच पूर्ण उभा करायला लावावा, खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नये. टेप आतून लावावी, कारण खोक्यावर छापलेले माप बाहेरचे असते. दार लावून दोन्ही तळहातांनी वरच्या आणि खालच्या कोपऱ्यावर जोर द्यावा. कडी एकच आणि मध्यावर असेल, तर कोपरा बाहेर येतो आणि चार इंचांची फट पडते. पिल्लू त्या फटीत आधी पंजा आणि मग डोके घालते. म्हणून दाराला वर-खाली दोन सरकत्या कड्या हव्यातच. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवावे. डिव्हायडर खोक्यात आहे की वेगळा घ्यावा लागतो, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

६. डिव्हायडर लावून पिल्लापुरती जागा करावी

पिल्लू घरी आले की त्याचे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे माप घ्यावे, त्यात ४ ते ६ इंच मिळवावेत आणि दारापासून तेवढ्या अंतरावर डिव्हायडर बसवावा. पिल्लाला उभे राहता, पूर्ण वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे. एका टोकाला शू करून दुसऱ्या टोकाला कोरडे झोपता येऊ नये. डिव्हायडर अडकवायच्या हुकांची टोके रिकाम्या बाजूला वळवावीत. त्याच्याऐवजी पुठ्ठ्याची खोकी किंवा उशा भरून जागा कमी करू नये. पिल्लू त्या फाडते आणि गिळते.

महाकाय जातीचे पिल्लू या काळात आठवड्याला दीड-दोन किलोने वाढू शकते. त्यामुळे दर रविवारी माप घेऊन डिव्हायडर सरकवावा. भिंतीवर लावलेल्या महालक्ष्मी किंवा कालनिर्णयच्या पानावर त्या दिवशीचे माप लिहिले की काम विसरत नाही आणि वाढीची नोंदही आपोआप राहते. जागा वाढवल्यावर आत शू होऊ लागली तर डिव्हायडर एक खाच पुन्हा दाराकडे घ्यावा, पिल्लाला रागावू नये.

*तपासणी : पिल्लू आत बसलेले असताना समोरून पाहावे. वळताना पाठ कमानीसारखी होत असेल किंवा झोपल्यावर चारही पाय तारेला टेकत असतील, तर रविवारची वाट न पाहता जागा त्याच दिवशी वाढवावी.*

७. जागा

गॅलरीत क्रेट ठेवू नये. उन्हाळ्यात पश्चिमेचे ऊन, पावसाळ्यात तिरकी सर, डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांखाली उतरणारी रात्र, आणि या तिन्हींपेक्षा वाईट म्हणजे एकटेपणा. घरातली माणसे झोपतात तिथे किंवा लगतच्या भिंतीशी, पंख्याचा वारा लागेल पण कूलरचा थेट झोत येणार नाही अशी जागा निवडावी. चारही बाजूंनी हातभर अंतरात चार्जरची वायर, पडदा किंवा टेबलक्लॉथ नसावा.

आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर क्रेट घसरतो आणि त्या आवाजाने पिल्लू बिचकते. त्याच्या खाली रबरी मॅट घालावी. दारापुढेही तीन फूट मॅट असावी, म्हणजे बाहेर झेपावताना पाय फाकणार नाहीत. गणपतीत ढोल-ताशांचा आणि दिवाळीत फटाक्यांचा आवाज ज्या खिडकीतून येतो, तिच्यापासून क्रेट शक्य तितका दूर ठेवावा. त्या दिवसांत वरून आणि तीन बाजूंनी सुती चादर घालावी, समोरची बाजू आणि दार मात्र उघडे ठेवावे.

८. आतले सामान

आत जाताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीचा पट्टा) दोन्ही काढावेत. हा नियम एकदाही मोडू नये. पट्ट्याची कडी तारेत अडकून पिल्लाचा गळा आवळला जाऊ शकतो आणि त्याला काही मिनिटेच लागतात.

अंथरुणासाठी आजीची गोधडी घालण्याचा मोह होतो, पण दात येणारे पिल्लू तिचे धागे ओढून गिळते आणि ते आतड्यात अडकतात. पहिले काही आठवडे रबरी मॅटवर साधा सुती टॉवेल पुरे. तो फाडत नाही अशी खात्री झाली की जाड फोमची गादी, घट्ट विणीच्या कॅनव्हासच्या खोळीत घालून, द्यावी. वजन वाढू लागले की नुसत्या ट्रेवर झोपल्याने कोपरांना घट्टे पडतात आणि काही वेळा पाण्याची गाठ धरते, त्यामुळे गादी हळूहळू देणे आवश्यक आहे. पाण्याचे भांडे तारेला अडकणारे, स्टीलचे घ्यावे.

*इशारा : खोल छातीच्या या जातींमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टणक फुगणे, ओकारीचा जोर येऊनही काहीच बाहेर न पडणे आणि अस्वस्थ येरझारा ही लक्षणे दिसताच सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. क्रेट ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवण्याचे हेही एक कारण आहे.*

९. पहिले दिवस आणि वेळेची मर्यादा

पहिले दोन-तीन दिवस दार बांधून उघडेच ठेवावे आणि पिल्लाचे जेवण आत वाढावे. ते आपणहून आत जाऊन बसू लागले की दार मिनिटभर लावावे, मग पाच मिनिटे, मग एक झोप. ते रडत असताना दार उघडले तर रडल्यावर दार उघडते हेच ते शिकते, आणि फार वेळ रडू दिले तर क्रेटची भीती बसते. म्हणून बंद ठेवण्याचा वेळ इतका कमी असावा की रडण्यापर्यंत गोष्ट जाऊच नये. रात्री एकदा, गरज वाटल्यास दोनदा, खाली शूला न्यावे.

दिवसा पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवून येतील तितके तास ही वरची हद्द समजावी. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. चार महिन्यांनंतरही सलग चार-पाच तासांपुढे जाऊ नये. घरातले दोघेही हिंजवडीला जात असतील, तर कामाचे नऊ तास आणि रस्त्यावरचे दोन तास मिळून पिल्लू अकरा तास बंद राहील, आणि त्यावर कोणत्याही मापाचा क्रेट हा उपाय नाही. अशा घरांनी दुपारी येऊन पिल्लाला खाली नेणारे, खाऊ घालणारे, तासभर सोबत बसणारे माणूस आधी ठरवावे. ते ठरले की मग टेप हातात घेऊन पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी.